लघुतम पाटबंधारे

निवृत्त माणसाने अंगणात माशांसाठी हौद बांधायला काढला तर शेजाऱ्यांनी घाबरण्याचे काही कारण नसते. पण तो माणूस पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेला असेल आणि आपले घर त्याच्या घराच्या उताराला असेल, तर थोडे घाबरलेले बरे. नाशिकच्या आमच्या कॉलनीत नानांच्या बंगल्याच्या वरच्या अंगाला मी राहतो आणि खालच्या अंगाला सर. त्यामुळे या सगळ्या प्रकरणाकडे मला तटस्थपणे पाहता आले. सरांना ती चैन परवडणारी नव्हती. एक तर ते उतारावर, त्यात मूळचे पैठणचे.

नाना लांबूनही ओळखू येतात. अर्ध्या बाह्यांचा पांढरा बुशशर्ट, खिशात दोन पेने, त्यांतले एक हिरव्या शाईचे, आणि पँटच्या खिशात पाच मीटरची टेप. ही टेप त्यांच्याबरोबर भाजी आणायलाही जाते. दुधी भोपळ्याला टेप लावणारा दुसरा गृहस्थ मी तरी पाहिलेला नाही. कोणी पत्ता विचारला तर नाना तो साखळी क्रमांकात सांगतात. "आपलं फाटक म्हणजे शून्य धरा. दोनशे चाळीस मीटरला किराणा दुकान, डाव्या तीरावर." कॉलनीच्या रस्त्याला डावा तीर आणि उजवा तीर असतो, हे आता दूधवाल्यालाही पाठ झाले आहे. लग्नाच्या पंगतीत ते कधी शेवटी बसत नाहीत. "टेलला बसू नका हो. वाढपी वरच रिकामा होतो. मठ्ठा टेलला पोचल्याचं मी उभ्या नोकरीत बघितलेलं नाही."

उभ्या नोकरीत नानांनी धरणे पुष्कळ पाहिली, पण प्रत्येकाचा एकेक तुकडा. एकाचे सर्वेक्षण केले आणि बदली झाली. दुसऱ्याचा पाया खणून होतोय तोवर आदेश आला. तिसऱ्यावर रुजू झाले तेव्हा भिंत अर्धी होती, निघाले तेव्हा पाऊण. जलपूजनाची, म्हणजे मांडव, नारळ, खणानारळाची ओटी आणि मंत्र्यांचे भाषण यांची वेळ येई, तेव्हा नाना दुसऱ्या जिल्ह्यात तिसऱ्याच नदीच्या काठी खुंट्या ठोकत असत. अशी माणसे निवृत्त झाली की दोनपैकी एक करतात, आत्मचरित्र लिहितात नाहीतर बांधकाम काढतात. वहिनी म्हणतात, आत्मचरित्र स्वस्तात पडलं असतं.

निमित्त झाले नातीच्या वाढदिवसाला आलेल्या काचेच्या गोल भांड्याचे. आत दोन गोल्डफिश. नानांनी चष्मा कपाळावर सरकवला, भांड्याचा व्यास घेतला आणि निकाल दिला, "साठा अपुरा आहे." आणि खरे सांगायचे तर तो निकाल अगदी योग्य होता. अशा भांड्यात माशाला वळायला जागा नसते, तोंड अरुंद म्हणून पाण्याला हवा मिळत नाही, आणि जे काही थोडे पाणी असते ते दोन-तीन दिवसांत माशाच्याच घाणीने नासते. गोल्डफिश बोटभर दिसतो तो वय कोवळे असते म्हणून. नीट जगला तर वीतभर होतो. वहिनींनी त्याच संध्याकाळी मासे कपडे भिजवायच्या जुन्या टबात हलवले. नानांनी ड्रॉइंगचा कागद आणला.

प्रस्ताव वहिनींपुढे रीतसर आला. विषय: अंगणात जमिनीच्या वर ब्लॉकच्या भिंतींचा मत्स्यजलाशय बांधणेबाबत. आतली लांबी १० फूट, रुंदी ५ फूट, भिंतीची उंची ३ फूट. पाणी अडीच फूट, वरचा अर्धा फूट मोकळा, ज्याला खात्यात फ्री बोर्ड म्हणतात. एकूण साठा १२५ घनफूट, म्हणजे साडेतीन हजार लिटर. खाली नानांनी तो ०.०००००१२५ टीएमसी असा लिहून, एक शून्य कमी पडले म्हणून खोडून, हिरव्या शाईने ०.००००००१२५ असा दुरुस्त केला होता आणि दुरुस्तीवर सही केली होती. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. तुलनेसाठी शेजारच्या रकान्यात कोयनेचे १०५ टीएमसी दिले होते. खड्डा न खणता हौद जमिनीवर का, याचीही कारणे दिली होती: काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते, खड्ड्यात अंगणातला चिखल वाहून येतो, लहान मूल पडण्याची भीती. नानांचे गुडघे हे खरे कारण, त्याचा उल्लेख नव्हता. तीन फुटांच्या भिंतीवर बसून मासे बघता येतात, खड्ड्याशी उकिडवे बसावे लागते.

वहिनी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी कागद वाचला आणि एकच शेरा मारला, "मोगऱ्याचं काय?"

बुडीत क्षेत्रात वहिनींचा जुना मोगरा येत होता, शिवाय कपडे वाळत घालायची दोरी आणि धुण्याचा दगड. 'आधी पुनर्वसन, मग धरण' ही घोषणा नानांनी जन्मभर फाटकाबाहेरून ऐकली होती. स्वयंपाकघरातून ती पहिल्यांदाच आली. मग मोगऱ्याला कुंपणाशी पर्यायी जमीन मिळाली, शेणखताचे अनुदान मिळाले, आणि स्थलांतराच्या वेळी वहिनी स्वतः हजर राहिल्या. मोगरा त्या वर्षी फुलला नाही. दोरीचे पुनर्वसन अजून प्रलंबित आहे. कपडे सध्या गच्चीवर जातात आणि तो विषय निघाला की नाना पेपर उघडतात.

ब्लॉक आणायला नाना मला घेऊन गेले, त्रयस्थ तांत्रिक तपासणी म्हणून. दुकानदाराने पांढरे, हलके ठोकळे पुढे केले. "साहेब, आजकाल सगळे टॉवर यातच होतात." नानांनी एक तुटका तुकडा उचलला, बादलीभर पाणी मागवले आणि तुकडा त्यात सोडला. तो तरंगला. नानांनी दुकानदाराकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, नोकराकडेही पाहिले. "जो ठोकळा स्वतःच तरंगतो, तो पाणी काय अडवणार?"

वास्तविक तरंगण्याचा आणि अडवण्याचा काही संबंध नाही. लाकडाची फळीही तरंगते आणि पाणीही अडवते. पण त्या ठोकळ्याच्या पोटात हवेची बारीक छिद्रे असतात, तो पाणी शोषतो, आणि साडेतीन टन पाणी कायमचे टेकवून ठेवायला तो योग्य नव्हेच. कारण चुकीचे आणि निर्णय बरोबर, असे सरकारी कामात क्वचित घडते. उलटे नेहमी घडते.

अखेर काँक्रीटचे पोकळ ब्लॉक ठरले, सोळा इंच लांब, आठ रुंद, आठ उंच, पोटात दोन पोकळ्या, वजन वीस किलोच्या आसपास. एकूण लागणार होते जेमतेम शंभर. नानांनी ते एकमेकांवर आपटून आवाज ऐकला, कडा बोटाने खरवडल्या, आणि त्यांतला एक फोडून पाहिला. फोडलेल्याचे पैसे कोणी द्यायचे यावर अर्धा तास गेला.

मिस्त्रीने अशी छोटी कामे आयुष्यभर केलेली. त्याच्या हिशेबाने काम चार दिवसांचे होते. पहिल्याच दिवशी काळी माती उकरून मुरूम लागेपर्यंत खाली जायला सांगितल्यावर त्याला संशय आला. मग सोलिंग, मग काँक्रीटचा बिछाना, मग सळयांची जाळी, आणि त्या जाळीतून भिंतीच्या जागी तीन-तीन फूट उभ्या सळया. ब्लॉकच्या पोकळीतून सळई गेली पाहिजे, आणि सळई तर आधीच उभी. म्हणजे प्रत्येक वीस किलोचा ब्लॉक छातीच्या वर उचलायचा, सळईत ओवायचा आणि अलगद खाली आणायचा. दुसऱ्या थराला मिस्त्रीने घमेले खाली ठेवले.

"साहेब, एक विचारू? आत मासे सोडायचेत का हत्ती बांधायचाय?"

नाना याच प्रश्नाची वाट पाहत होते. त्यांनी मिस्त्रीला, बिगाऱ्याला आणि कुंपणावरून डोकावणाऱ्या मला एकत्र उन्हात उभे करून समजावले. पाण्याचा दाब पाण्याच्या लांबीरुंदीवर नसतो, खोलीवर असतो. अडीच फूट पाणी दहा फुटांच्या भिंतीला सुमारे नऊशे किलोच्या जोराने बाहेर ढकलते. त्या भिंतीमागे पाच फूट पाणी आहे की पाच कोस, हे भिंतीला कळत नाही. "म्हणजे मिस्त्री, अडीच फूट खोलीपुरती ही भिंत आणि कोयनेची भिंत, दोघींचं दुखणं एकच." मिस्त्रीने मान हलवली आणि तंबाखू मळायला घेतली. मला मात्र त्या दिवशी नानांबद्दल आदर वाटला. इतक्या वर्षांत मला हे असे सोपे करून कोणी सांगितले नव्हते.

पण नाना तिथे थांबते तर ते नाना नसते. पुढे त्यांनी ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप काढला आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा. त्यापायी चार थरांवर चहूबाजूंनी चार इंची काँक्रीटचा पट्टा आला. मग १२ जुलै १९६१. पानशेत फुटले तेव्हा नाना पहिलीच्या वर्गात असतील, पण खात्यातल्या माणसाला स्वतःच्या लग्नाची तारीख विसरता येते, ही येत नाही. त्या तारखेपायी सांडवा मोठा झाला. अंदाजपत्रक अठरा हजारांचे होते. भूकंप, पूर आणि फोडलेला ब्लॉक धरून ते एकतीसवर गेले आणि नाना सुधारित प्रशासकीय मान्यतेसाठी पुन्हा स्वयंपाकघरात गेले. आतून भांडी जोरात ठेवल्याचा आवाज आला. मान्यता मिळाली असावी, कारण काम चालू राहिले.

काम मात्र देखणे झाले, हे कबूल केले पाहिजे. दोन कर्ण मोजले तेव्हा एका सुताचा फरक निघाला, तर नानांनी पहिला थर उचलून पुन्हा लावायला लावला. सांधेमोड अशी की एकही उभा सांधा दुसऱ्यावर येत नव्हता. ओळंबा रोज सकाळ-संध्याकाळ. पोकळ्यांत काँक्रीट ओतताना नाना स्वतः सळईने ठासत होते. आतून एकास तीनचा गिलावा, आणि भिंत नि तळ जिथे भेटतात तिथे गोलाई दिलेला वाटा, कारण हौद गळतो तो भिंतीत नव्हे, त्या कोपऱ्यात गळतो. घमेली आत-बाहेर करायला एका बाजूला दोन ब्लॉकची फट ठेवली होती. ती बंद करायचा दिवस नानांनी 'घळभरणी' म्हणून जाहीर केला. मातीच्या धरणात नदीचे पात्र अडवायचा तो शेवटचा, जिवावरचा टप्पा. इथे तो वीस मिनिटांत झाला. पेढे वाटले. सरांनी पेढा घेतला आणि विचारले, "सांडव्याचं तोंड कुणीकडे केलंय?"

सांडव्याचे तोंड उताराकडे होते. उताराला सर होते.

त्यानंतर अठ्ठावीस दिवस भिंतींवर ओली पोती आणि नानांची वही. काँक्रीटची ताकद अठ्ठावीस दिवसांवर मोजतात म्हणून पाणीही अठ्ठावीस दिवस मारायचे; सात-आठ दिवसांनी भागते असे म्हणणाऱ्या मिस्त्रीला त्यांनी कंत्राटी वृत्तीचा ठरवले. मग ऐन एप्रिलमध्ये जलपूजन झाले. वहिनींनी ओटी भरली, नातीने नारळ फोडायचा हट्ट केला, आणि नानांनी भाषण केले. या भाषणाची जुळवाजुळव किती वर्षांची असेल याची मला कल्पना आहे, म्हणून त्याच्या लांबीबद्दल मी काही म्हणत नाही.

तिसऱ्या दिवशी पाणी उतरल्याचे दिसले. मोजपट्टी वाचून नानांचा चेहरा पडला. रात्री बॅटरी घेऊन ते हौदाभोवती वाकून फिरत होते, भिंतीला कान लावत होते. वहिनींनी दोन दिवस हे पाहिले. मग त्यांनी स्टुलावर एक बादली हौदाच्या आत ठेवली, बादलीत हौदाइतक्याच पातळीपर्यंत पाणी भरले आणि दोन्हींवर खुणा केल्या. बादली तर गळत नाही. आठवड्याने पाहिले तर बादली आणि हौद दोन्ही सारखेच उतरले होते. म्हणजे पाणी गळत नव्हते, नाशिकचे ऊन ते पीत होते. नानांना हायसे वाटले, पण किंचित वाईटही वाटले असावे. 'गळती: कारणे व उपाययोजना' या टिपणाची तेरा पाने तोवर लिहून झाली होती.

आता मासे सोडायचे. नानांनी मुहूर्त काढला होता. वहिनी म्हणाल्या, थांबा. त्यांनी पांढऱ्या कागदाच्या पट्टीला ओली हळद फासली, वाळवली आणि हौदात बुडवली. पिवळी पट्टी बघता बघता लाल झाली.

"कुंकू कसं करतात, माहितीय ना?" वहिनी म्हणाल्या.

नाना गप्प. कुंकू हळदीला चुन्याचे पाणी देऊन करतात, हे कोणालाही माहीत असते. नव्या सिमेंटमधून चुना पाण्यात उतरत होता. त्या पाण्यात मासे सोडले असते तर कल्ले भाजून संध्याकाळपर्यंत वर आले असते. आय.एस. ३३७०, म्हणजे पाणी साठवणाऱ्या काँक्रीट बांधकामाची संहिता, नानांना कलमांसकट पाठ होती. तिच्यात माशांबद्दल काही नव्हते. मला वाटते नानांच्या प्रस्तावातही विषयाची ओळ सोडली तर मासे कुठे नव्हते. बांधणाऱ्या माणसाचे हे असेच असते. त्याला भिंत हवी असते. भिंतीला पाणी लागते म्हणून पाणी, आणि पाण्याला काही कारण दाखवावे लागते म्हणून मासे. लाभधारकांचा रकाना सर्वांत शेवटी भरतात.

हौद रिकामा करायचा, पुन्हा भरायचा, चार दिवस ठेवायचा, पुन्हा रिकामा. उन्हाळी आवर्तने सुरू झाली आणि प्रत्येक आवर्तन सरांच्या अंगणातून गेले. सरांचा कढीपत्ता पिवळा पडायला लागला. सर शांत माणूस. त्यांनी फक्त एक अर्ज लिहून नानांच्या फाटकाच्या पेटीत टाकला, की विसर्गापूर्वी चोवीस तास सूचना मिळावी आणि पाण्याचा दर्जा कळवावा. नानांनी अर्जावर आवक क्रमांक घातला. शेवटी आतून सिमेंटवर चढणाऱ्या लेपाचे दोन हात दिले, तेव्हा कुठे हळदीची पट्टी पिवळी राहिली. तरी वहिनींची परवानगी नव्हतीच. मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात, तो साठला की मासाच मरतो. त्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू हौदात आणि गाळणीत वस्तीला यावे लागतात, आणि ते महिना-दीड महिन्याशिवाय येत नाहीत. "आधी जिवाणू, मग मासे," वहिनींनी दुसरी घोषणा दिली. नाना म्हणाले, "म्हणजे आता अतिक्रमण व्हायची वाट बघायची."

तेवढ्या काळात टबातले दोघे गोल्डफिश चांगले टरारले होते. खरे म्हणजे त्यांना थोडा मोठा टब पुरला असता, पण असे प्रकल्प पूर्ण होत आल्यावर बोलायचे नसते. जूनमध्ये आधी डासांच्या अळ्या खायला गप्पी सोडले, मग ते दोघे, मग हळूहळू आणखी थोडे. मासेवाल्या पोराने जपानी कोई दाखवले तेव्हा मी श्वास रोखून धरला. कोई दोन-अडीच फुटांपर्यंत वाढतो, त्याला आणखी खोल पाणी लागते, आणि पोर हे सगळे नानांना सांगत होते. नाना 'खोल' या शब्दापाशी अडखळले आणि त्यांचा हात टेपकडे गेला. वहिनींनी पोराला गोल्डफिशचे पैसे देऊन वाटेला लावले.

पावसाळ्यात नानांना खरे अधिकार प्राप्त झाले. गच्चीचे पाणी त्यांनी पाइपने हौदाला जोडले होते. गच्ची हे पाणलोट क्षेत्र, आठशे चौरस फुटांचे. दोन इंच पाऊस पडला तर तेवढ्या गच्चीवरून १३३ घनफूट पाणी येते, म्हणजे हौदाच्या साठ्याहून जास्त. जुलैच्या एका संध्याकाळी कॉलनीच्या ग्रुपवर संदेश आला: "पाणलोट क्षेत्रात जोरदार पाऊस. सायं. ६ वाजता सांडव्यातून विसर्ग सुरू होण्याची शक्यता. खालच्या बाजूच्या नागरिकांनी सायकल, चपला व पापड सुरक्षित स्थळी हलवावेत. अफवांवर विश्वास ठेवू नये." खालच्या बाजूचे नागरिक म्हणजे सर. त्यांनी खाली 'पापड आत घेतले' असे उत्तर दिले.

पण नाशिककरांना पूर आकड्यांत सांगून चालत नाही. गोदावरीला किती पाणी आले, हे इथे क्युसेकमध्ये कोणी विचारत नाही. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागले, छातीला लागले की गळ्याला, हे विचारतात. नातीने आपला एक जुना बाहुला हौदाच्या आतल्या पायरीवर उभा केला. तेव्हापासून नानांची सेंटिमीटरची मोजपट्टी कोणी वाचेना. येणारा-जाणारा फाटकातूनच ओरडून विचारायचा, "बाहुल्याच्या कुठवर?" मोजपट्टीचा उपयोग फक्त खंड्याने केला. निळ्या पाठीचा तो पक्षी सकाळी येऊन तिच्या टोकावर बसायचा आणि गप्पी उचलायचा. नानांनी 'प्रतिबंधित क्षेत्र' अशी पाटी लावली. खंड्या मग पाटीवर बसू लागला. "विनानिविदा मासेमारीचा ठेका घेतलाय लेकाने," नाना म्हणायचे, पण जाळी ताणायला मात्र त्यांनी पुष्कळ दिवस लावले.

खरा पेच ऑक्टोबरात आला. गोदावरीच्या पाण्यावरून नाशिक-नगर आणि मराठवाडा यांच्यात काय चालते, हे वाचकांना सांगायला नको. २००५ च्या कायद्याने समन्यायी वाटप आले, आणि मेंढेगिरी समितीने सूत्र दिले की १५ ऑक्टोबरला पैठणचे जायकवाडी धरण ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांनी पाणी सोडावे. सरांच्या अंगणात कमळाचा एक सिमेंटचा कुंडा होता. १५ ऑक्टोबरला सकाळी सर स्टीलची पट्टी घेऊन आले. कुंडा ५८ टक्के भरला होता. त्यांनी लेखी मागणी दिली.

नानांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी जलपूजनालाही पाहिला नव्हता. त्यांनी खुर्ची मागवली. वरचा साठा पिण्यासाठी आरक्षित आहे, असे त्यांचे पहिले म्हणणे. पितो कोण, हा सरांचा प्रश्न. मासे, हे उत्तर. मग वाटेतला अपव्यय: दोन बंगल्यांमधल्या काळ्या मातीत निम्मे पाणी मुरेल, त्याचा हिशेब कोणी द्यायचा? सर म्हणाले, पाइप टाका. नाना म्हणाले, बंदिस्त वितरिका हा टप्पा दोनमधला विषय आहे. सुनावणी पोह्यांपर्यंत चालली आणि चहानंतर पुढे चालू झाली. इकडे वहिनींनी तळाचा कॉक फिरवून पाव हौद पाणी सरांच्या बाजूला सोडूनही दिले होते. तसे ते दर आठवड्याला सोडावेच लागते. त्यात नायट्रेट साठलेले असते, माशांना नको, पण झाडांना हवे. चुना गेल्यापासून तेच पाणी सरांच्या परसात जात होते. कढीपत्ता सावरला होता आणि वांगी अशी लागली होती की डब्याने नानांकडे येत होती. नानांनी नोंदवहीत लिहिले आहे: लाभक्षेत्र, वांगी, चार झाडे, प्रत्यक्ष सिंचित.

एवढे सगळे होऊन हौद अजून अपुरा आहे. भिंतीवर शहाबादी फरशीची पट्टी बसवली आहे, बसायला सोयीची, पण एका कोपऱ्यातली एक फरशी बसवलेली नाही. तिथे पालथे घमेले ठेवलेले असते आणि घमेल्यावर शेजारचा बोका. फरशी कापून, घासून भिंतीलाच टेकवून ठेवली आहे. दिवाळीच्या आधी मिस्त्री अनामत रकमेसाठी आला. मी तिथेच होतो.

"साहेब, एवढी एक फरशी राहिलीय. दहा मिनिटांचं काम. लावून टाकतो आणि हिशेब मिटवू."

"घाई काय आहे?" नाना म्हणाले.

"घाई नाही, पण सणाचे दिवस आहेत."

"पैसे घेऊन जा. फरशी राहू दे."

मिस्त्री चक्रावला. पैसे देतात आणि काम नको म्हणतात, हे त्याच्या अनुभवात नव्हते. "का हो साहेब?"

"ती बसली की काम पूर्ण झाल्याचा दाखला द्यावा लागतो."

"मग द्या की."

"दाखला दिला," नाना आवाज खाली आणून म्हणाले, "की बदली होते."

वहिनी खिडकीत होत्या. "कुणी करत असेल तर करू द्या हो," त्या म्हणाल्या. "मिस्त्री, चहा टाकलाय. आणि ती कपड्यांची दोरी तेवढी बांधून द्या जाताना."